मैनेच्या वाटीतला रंग

समस्त पनवेलकर बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, ज्या काळात टपाल नाक्यावरचे टांगे संपत आले होते आणि रिक्षा पुरत्या यायच्या होत्या, त्या काळात आपल्या गावातून निघालेल्या बहुतेक वरातींमध्ये घोडीची आयाळ, नवरदेवाच्या वडिलांच्या मिशा आणि बँडच्या म्होरक्याचे कल्ले हे तिन्ही एकाच वाटीतल्या रंगाने, एकाच ब्रशाने, एकाच सकाळी काळे केलेले होते. ज्यांच्या घरी त्या काळातले लग्नाचे आल्बम आहेत त्यांनी ते काढून तपासावेत. कोणाची हरकत असल्यास ती जरूर घ्यावी. पण हरकत घेण्याजोगी बहुतेक मंडळी आता हयात नाहीत, म्हणून तर माझी बोलायची हिंमत होते आहे.

हे मी इतक्या खात्रीनं सांगतो, कारण तो रंग आमच्या दुकानातून जायचा. बाजारात आमचं जनरल स्टोअर होतं. बांगड्या, रिबिनी, पावडरी, सुयादोरे आणि केस काळे करायच्या पुड्या. त्या पुड्या मागताना भले भले लोक आवाज खाली आणायचे. "ते... आपलं ते द्या," म्हणायचे. एक हेडमास्तर "पाहुण्यांना हवंय" म्हणून न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांऐवजी तेच तरुण होऊन शाळेत जायचे. मी पुडी वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचो आणि चेहरा असा ठेवायचो, जणू उदबत्ती दिली. गावात कोणाचे केस खरे आणि कोणाचे खोटे, याची पूर्ण यादी माझ्या डोक्यात होती. ती यादी उघड केली असती तर चार सोयरिकी मोडल्या असत्या.

अख्ख्या गावात ही पुडी मोठ्यांदा मागणारा एकच माणूस होता. रस्त्यावरूनच, टांग्यात बसल्या बसल्या तो आरोळी ठोकायचा, "शेट, धा पुड्या काडा! मैनेला सजवायची हाय!"

हे नामाकाका.

नामाकाका मूळचे करंजाड्याचे. लाइन आळीच्या मागे त्यांचं घर होतं. घर आणि तबेला यांच्यामध्ये एक कुडाची भिंत, आणि त्या भिंतीलाही एक खिडकी, घोडीला माणसं दिसावीत म्हणून. अंगानं काटकुळे, खाकी अर्धी चड्डी, कोळशासारख्या मिशा आणि दोन्ही हातांची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत कायमची काळी. एकदा मतदानाला गेले, तर शाई लावणाऱ्या बाईंनी बोट हातात धरलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मत देऊन गेलात की!" काकांनी दहाही बोटं त्यांच्यासमोर धरली. "बाय, मंग मी धा वेला देऊन गेलो."

घरात ते, त्यांची बायको चंद्राकाकी आणि मैना. मूलबाळ नव्हतं. मैना म्हणजे तांबडी घोडी, कपाळावर पांढरा टिळा, चारही पायांत पांढरे मोजे. पंचकल्याणी. अशा घोडीवर बसलेल्या नवऱ्याचं कल्याण होतं, असं आमच्याकडे मानतात. टांग्याची गिऱ्हाइकं रिक्षांनी पळवल्यावर काकांचा सगळा भरवसा लग्नसराईवर राहिला. मैनेचं वय विचारलं की काका सांगायचे, "नऊ." मी दुकानात बसायला लागलो तेव्हा मैना नऊ वर्षांची होती. माझं लग्न झालं, मी तिच्यावरूनच गेलो, तेव्हाही नऊ. माझी मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा मी म्हटलं, "काका, आता तरी दहावं लागू द्या." काका इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "म्हातारी दिसली ना, का वीटभट्टीवरचा मानूस दारात येऊन हुबा ऱ्हातो. तिथं गेलेली जनावरं परत नाय येत. तवा नऊच."

असा तो रंग होता. गावातली बाकीची मंडळी हौसेनं रंगवत होती, मैनेचं मात्र जगणं त्या वाटीत होतं.

तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मैनेचा रंग. तो एक सोहळाच असायचा. मैनेला शिकेकाईनं न्हाऊ घालायचं, उन्हात वाळवायचं. मग काकी आपल्या जुन्या लुगड्याचा पदर तिच्या डोळ्यांवरून बांधायची, तोंड दोन्ही हातांत धरायची आणि तिच्याशी आळीतल्या बायकांविषयी बोलत बसायची. काका मागे शेपटीला लागलेले. पण त्याच्याही आधी दोन दिवस, पुडीवर लिहिलेली सूचना ते तंतोतंत पाळायचे. मैनेच्या कानामागे रंगाचा ठिपका लावून अठ्ठेचाळीस तास वाट बघायची, खाज नाही, फोड नाही, मगच पुढे.

ही सूचना माणसांच्या कानामागे मात्र कधी पाळली गेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मानूस बोंबलतो. घोडी कोनाला सांगंल?"

माणसं यायचीच. मैनेसाठी भिजवलेला रंग वाटीत थोडा उरायचा, आणि तो वाया कशाला घालवायचा म्हणून आळीतले वरबाप, मामा, बँडवाले भिंतीकडेला रांगेत बसायचे. काका त्याच ब्रशानं मिशा, कल्ले, कानावरचे केस पुढे सरकवत जायचे. प्रत्येकाशी बोलणंही मैनेशी बोलल्यासारखंच. "मान खाली. हां. हलायचा नाय. शाना हाय माजा."

एकदा तलाठी कचेरीतले एक विधुर साहेब आले. दुसऱ्या दिवशी त्यांना उरणला बायको बघायला जायचं होतं. साहेब पक्के काळेभोर होऊन गेले आणि सकाळी उठले ते भोपळ्यासारखे. ओठ सुजलेले, डोळ्यांच्या नुसत्या फटी. तशातच ते उरणला गेले, कारण पाहुण्यांनी मासळी आणून ठेवली होती. पुढे लग्न तिथंच जमलं. मुलीनं म्हणे घरच्यांना सांगितलं, "ह्याहून वाईट तर दिसनार नाय ना कधी?" साहेब काकांना पेढे द्यायला आले, तेव्हा काकांना त्या सुजेचं कळलं. त्या दिवसापासून माणसांच्याही कानामागे ठिपका लागायला लागला. "मना वाटला मानूस बोंबलतो," ते मला म्हणाले. "नाय रे. मानूसपन लाजंनं गप ऱ्हातो."

दुसरी गोष्ट वैशाखातली. ऊन असं, की मैनेला घाम फुटला आणि आयाळीचा रंग सुटला. नवरदेवानं वाटभर आयाळ घट्ट धरून ठेवलेली. मांडवात अंतरपाट दूर झाला, नवरीच्या गालावर अक्षता चिकटल्या होत्या, त्या नवऱ्यानं प्रेमानं पुसल्या आणि पोरीच्या गोऱ्या गालावर काळाकुट्ट पट्टा उठला. मुलीची आत्या किंचाळली. आता मारामारी होणार, एवढ्यात काका मांडवाच्या दारातून ओरडले, "दृष्ट लागंल म्हनून मैनेनं तीट लावली! जोडा लई गोरा हाय!" सगळा मांडव हसला. ती नवरी आता आजी झाली आहे. भेटली की अजून गालाला हात लावून दाखवते.

गावाला रंगवणाऱ्या ह्या माणसाला एकाच डोक्याला हात लावायची परवानगी नव्हती. चंद्राकाकीच्या. तिचा अंबाडा नारळाएवढा, अर्धा काळा, अर्धा पांढरा. त्यात अबोलीचा गजरा. काका वाटी घेऊन मागे लागले की ती म्हणायची, "माजे पांढरे माजेच ऱ्हावंदेत. तुमच्या संसारात कमावलेत मी."

काकांनी तो नियम मैनेलाही थोडासा लावला होता. शेपटीचे वरचे केस ते रंगवायचे, आतल्या बाजूचे तसेच सोडायचे. पुडी वाचवताय का, असं मी विचारलं. म्हणाले, "आत कोन बगतो? तेवढं तरी तिचं खरं ऱ्हावंदे."

आता मला सांगायला जड जाणारा भाग येतो.

एका उन्हाळ्यात काकीला पोटाचा आजार निघाला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जाणं-येणं सुरू झालं, आणि तिथल्या औषधानं पावसाळ्यात तिचे सगळे केस गेले. उशीवर झुबके यायचे. काका ते गोळा करून कागदात बांधून ठेवायचे, का ते त्यांनाही सांगता यायचं नाही. गणपती आले तोवर डोकं तुळतुळीत झालं.

दुखणं काकीनं सोसलं. हे सोसलं नाही. तिच्या आजीचं डोकं नवरा मेल्यावर न्हाव्यापुढे बसवून भादरलं होतं, ते तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझी बायको पेज घेऊन गेली, तर काकी दाराआडून म्हणाली, "जित्या नवऱ्याची बाय मी. अशी बोडकी भायेर दिसले तर लोक ह्यांना मेला म्हनतील." आणि तिनं उंबरा ओलांडणं सोडलं. दार किलकिलं सोडून आत बसायची.

आणि इथेच खरी अडचण झाली. मैना लग्नाला निघायची तिची एक रीत होती. काकी बाहेर येणार, कपाळाला हळदकुंकू लावणार, गूळ-चणे भरवणार आणि कानाशी तोंड नेऊन म्हणणार, "जा बाय, नवरा घेऊन ये." मग मैना पाऊल उचलायची. इतक्या वर्षांत एकदाही यात खंड पडला नव्हता. तुळशीचं लग्न झालं, पहिलं बोलावणं आलं, काकीनं दाराच्या फटीतून सगळं म्हटलं, आणि मैना मान दाराकडे वळवून ढिम्म उभी. ओढली, चुचकारली, चण्यांची पाटी दाखवली. तिला आवाज ऐकू येत होता, माणूस दिसत नव्हतं.

नामाकाकांनी काय करावं? ते आत गेले आणि काकीचं हिरवं लुगडं नेसून बाहेर आले. मिशा तशाच. डोक्यावरून पदर, हातात हळदकुंकवाची वाटी. बायकी आवाज काढून म्हणाले, "जा बाय, नवरा घेऊन ये." मैनेनं त्यांना नीट हुंगलं आणि त्यांच्या तोंडावर अशी फुरफुरली, की हळद अर्ध्या आळीवर उडाली. आम्ही पोट धरधरून हसलो. दाराआडून काकीही हसत होती, आणि हसता हसता तिचा आवाज कधी बदलला ते आम्हांला जरा उशिरानं कळलं. काका तसेच लुगड्यात पायरीवर बसून राहिले. ते बोलावणं गेलं. त्याच्या पुढचंही गेलं.

तिसऱ्या दिवशी नामाकाका दुकानात आले. चालत, आणि गिऱ्हाईक नाही असं बघून. आवाज खाली आणून म्हणाले, "अंबाड्याची जाली हाय का? आन् आकडे."

मी आयुष्यात पुष्कळ वात्रटपणा केला आहे आणि बहुतेकाचा मला अभिमान आहे. त्या दिवशी जे बोललो ते मात्र परत घेता आलं तर बरं होईल. मी म्हटलं, "काय काका, मैनेला अंबाडा घालताय?"

काका रागावले नाहीत. जाळी बोटांवर ताणून बघत म्हणाले, "मैनेला नाय. मैनेचा."

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. काका ओट्यावर बसले होते. समोर थाळ्यात पाणी आणि शिकेकाईचा फेस, मांडीवर जाळी, आणि शेजारी मैनेची जवळजवळ सगळी शेपटी. वरचे रंगवलेले केस एका बाजूला, आतले खरे दुसऱ्या बाजूला. चार काळे, दोन पांढरे, एक करडा असा झुबका जुळवायचा आणि जाळीच्या घराला गाठ मारायची.

"सगळेच काळे का नाही लावत? पटकन होईल," मी म्हटलं.

आतून काकीच बोलली. "काला नको मना. माजे होते तसे पायजेत."

काकांनी एक पांढरा केस उजेडाकडे धरला. "जलमभर पांढरा दिसला का रंगवला," ते म्हणाले. "आता एकेक शोधतो, तं गावत नाय."

पाच दिवस ते काम चाललं. सहाव्या दिवशी काकीनं तो अंबाडा डोक्यावर बसवला, कपाळावरून पदर ओढला, गजरा माळला. आरशात बघून नाक मुरडलं, "घोडीचा वास येतो." मग म्हणाली, "बरा हाय. मैना वलखंल."

आणि ती उंबरा ओलांडून बाहेर आली. मैनेनं तिचा अंबाडा खूप वेळ हुंगला.

आता मैनेला शेपटी नव्हती, बुडखा होता. त्याला काकांनी काथ्याची शेपटी बांधली. काथ्या पिंजून, माझ्याकडच्या सहा पुड्यांत बुडवून, वाळवून, खोबरेल चोपडून. लांबून बघणाऱ्याला शंका येऊ नये अशी. बायकोच्या डोक्यावर घोडीची शेपटी आणि घोडीच्या मागे नारळाचा काथ्या, असा त्यांचा संसार त्या सराईत चालू होता, आणि तो फक्त आम्हां दोन घरांना माहीत होता.

पुढचं थोडक्यात सांगतो, नाहीतर माझ्याच्यानं सांगवणार नाही. काकी त्या शिमग्याच्या आधी गेली. सवाष्ण म्हणून तिला हिरवी साडी नेसवताना कोणीतरी अंबाडा काढायला हात घातला, तर काका दारातून म्हणाले, "ऱ्हावंदे. तिचाच हाय." त्यानंतर त्यांनी आमच्याकडून एकही पुडी नेली नाही. पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या मिशा पांढऱ्याफेक झाल्या होत्या, मैनेची आयाळही. दोघं वडाळे तळ्याच्या कडेनं हळूहळू चालत जाताना दिसायची. वीटभट्टीवाला आला होता, त्याला काकांनी चाबूक दाखवून हाकलला. मैनेला त्यांनी करंजाड्याला भावाच्या वावरात नेलं, ती तिथंच गेली. शेवटी एकदा मी तिचं वय विचारलं होतं. म्हणाले, "म्हातारी हाय रे." बोटं स्वच्छ होती त्यांची. त्या हातांकडे मला बघवेना.

पण ही तिघं मला अशी आठवतच नाहीत. मला ती दिसतात पौष लागायच्या आधीच्या शेवटच्या मुहूर्तावर. काकीचं ते शेवटचं बाहेर पडणं होतं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या पुतण्याचं लग्न. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मिरवणूक. काकीनं "जा बाय" म्हटलं, मैना निघाली, आणि त्या दिवशी काकीही भिंतीच्या कडेकडेनं, पदर हनुवटीपाशी घट्ट धरून मागोमाग चालायला लागली. तिला मैनेला मिरवताना बघायचं होतं. टपाल नाक्याशी बँड थांबला, नाच सुरू झाला, लवंगी फटाक्यांची माळ लागली. मैना दचकून पुढे सरली, आणि मागे नाचणाऱ्या एका मेव्हण्याचा पाय नेमका जमिनीला टेकलेल्या शेपटीवर होता.

शेपटी सुटली. रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत, काळ्या मांजरासारखी पडली.

आधी हशा पिकला. बँडवाल्यांनाही फुंकवेना. मग नवऱ्याचे मोठे काका पुढे आले. त्यांच्या मिशा दोन दिवसांपूर्वीच मैनेच्या वाटीतून काळ्या झाल्या होत्या, कानामागचा ठिपका अजून पुसट दिसत होता. ते ओरडले, "खोटी शेपटी? आमच्या नवऱ्याला असल्या घोडीवर बसवतोस? खरी काय केलीस रे हिची?"

"विकली असेल!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "घोड्याच्या केसाला गिऱ्हाईक असतं!"

"बोल ना, नामा! विकलीस ना? मुक्या जनावराची शेपटी विकून खाल्लीस?"

नामाकाका काथ्या छातीशी धरून उभे होते. जो माणूस भर मांडवात नवरीच्या गालावरच्या डागाला तीट म्हणू शकला, त्याला त्या दिवशी एक शब्द सुचला नाही. म्हणजे, सुचला असणार. पण तो शब्द बोलला की काकी उघडी पडली असती. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. चोर म्हणवून घ्यायला ते तयार झाले होते.

मी गर्दीत होतो. त्या मिशांचं मीही बोलू शकलो असतो. बोललो नाही.

भिंतीपासून काकी निघाली. लोक बाजूला झाले. ती मैनेपाशी आली, रंगाच्या सकाळी धरायची तसं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, त्यासाठी तिला पदर सोडावा लागला, आणि तो घसरून खांद्यावर आला. अंबाडा एका बाजूला कलंडला होता. कपाळाच्या वर, जाळीच्या कडेला, तुळतुळीत डोकं सगळ्यांना दिसत होतं. ती नवऱ्याच्या काकांकडे वळली आणि अख्ख्या टपाल नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"विकली नाय! माज्या डोक्यावर हाय, बगून घ्या!"